दोन वर्षं केलंस काय?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बिजागऱ्या आणि ड्रॉवर चॅनल तुम्ही चीनमधल्या फोशानहून मागवता. मुलगी पुण्यात बी.कॉम. करता करता दोन वर्षं मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, शिकतेय, एचएसके या चिनीच्या परीक्षेची तिसरी पातळी पास झालीय. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तुम्ही फॅक्टरीवाल्याला व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हातात दिलात. पलीकडची माणसं आपसात काय बोलतायत ते तिला कळेना. आता तुम्ही विचारता, हे सोडून तिला कँटोनीजचा, म्हणजे फोशानकडे बोलतात त्या भाषेचा, क्लास लावू का?

आधी त्या कॉलचं बोलू. कोल्हापुरातलं भरलेलं दुकान, काउंटरला गिऱ्हाईक, फोन स्पीकरवर, आणि तुम्ही विचारता, "मग दोन वर्षं केलंस काय?" हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हापासून चिनीचा विषय निघाला की ती उठून जाते, हेही. मला भाषेपेक्षा याची काळजी वाटते. तिसऱ्या पातळीपर्यंत शब्द मोजकेच होतात हो. तेवढ्यावर भावाची घासाघीस शुद्ध मँडरिनमध्येही जमत नाही.

कँटोनीजला 'बोली' म्हणतात, म्हणून ती मँडरिनचीच गावठी तऱ्हा असेल आणि हुशार पोरीला अंदाजाने कळेल, असं तुम्ही धरून चाललात. तसं नाही. 'यी' म्हणजे मँडरिनमध्ये एक. कँटोनीजमध्ये वेगळ्या सुरातलं 'यी' म्हणजे दोन! मँडरिनचे सूर चार, कँटोनीजचे सहा. एकीवाल्याला दुसरीचं बोलणं, न शिकता, कळत नाही. पण कोटेशन, करार, वीचॅटवरचे कामाचे निरोप हे सगळं प्रमाण चिनीत असतं, आणि शाळाही त्याच भाषेत. शिवाय तिकडच्या कारखान्यांत हुनान, सिच्वानकडून आलेले कामगार भरपूर. त्यांच्याशी मँडरिनच बोलावं लागतं. तुमच्या मुलीशीही फॅक्टरीवाला मँडरिनच बोलेल. कँटोनीज तो भागीदाराशी बोलत होता. सुरतेची पार्टी समोर बसली असताना तुम्ही दिवाणजींशी जे दबक्या आवाजात बोलता, ते तिला कळावं म्हणून बोलता का?

तेव्हा कँटोनीजचा क्लास नको. हाँगकाँगला राहायचं असतं तर वेगळं सांगितलं असतं. चौथी-पाचवी पातळी ती आपली आपण देईल.

पत्राच्या तळाला, तक्रारींच्या गर्दीत, एक ओळ आहे: "कॅटलॉग तेवढा वाचते, मागच्या खेपेला चॅनलच्या मापातली चूक तिनेच पकडली." अहो, हेच तर काम आहे! चुकीच्या मापाचा कंटेनर बंदरात उतरला असता तर किती लाखांना पडला असता, ते मी तुम्हाला काय सांगणार. तिचा कल कदाचित बोलण्यापेक्षा वाचण्याकडे, अनुवादाकडे असेल. दुकानात तिला दुभाषी म्हणून बसवायचा बेत तिला विचारून ठरलाय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.