दोन्ही राउटरवर वाय-फायचं प्रमाणपत्र आहे, मग वेगळी चाचणी का घ्यायची आणि कशी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत तुम्ही काम करता, ग्राहकांच्या घरी बसवायला राउटरची दोन मॉडेलं समोर आहेत, दोन्ही प्रमाणित आहेत. टेबलावर ठेवून स्पीड टेस्ट घेतली तर एकाने ६८० एमबीपीएस दिले, दुसऱ्याने ७१०. तर दुसरा घ्यावा का?

या दोन आकड्यांवरून काहीच ठरवू नका. तोच ७१० वाला राउटर तासाभराने परत मोजा, बहुतेक तिसराच आकडा येईल. मी बरीच वर्षं वायरलेस उपकरणांच्या टेस्टिंगमध्ये आहे. नवीन सेटअप लावला की पहिला दिवस मी एकच राउटर, एकच लॅपटॉप, एकच जागा ठेवून तीच चाचणी दहा वेळा घेतो. त्या दहा आकड्यांमध्येच पन्नासाचा फरक येत असेल, तर दोन राउटरमधला तीसचा फरक म्हणजे निव्वळ गोंगाट. आधी स्वतःचा तराजू तपासायचा, मग माल.

हे मी ठेच लागून शिकलो. एकदा एका राउटरचा वेग अधूनमधून निम्म्यावर यायचा. तीन दिवस मी राउटरचे लॉग उपसत बसलो, बनवणाऱ्यांना लांबलचक ईमेलही पाठवली. निघालं काय, तर कोणीतरी लॅपटॉपचा चार्जर काढला की त्याचं वाय-फाय कार्ड पॉवर सेव्हमध्ये (वीज वाचवण्याच्या मोडमध्ये) जायचं. साप समजून भुई धोपटणं चाललं होतं. तेव्हापासून क्लायंट, म्हणजे वाय-फायला जोडलेलं उपकरण, कायम चार्जरवर, पॉवर सेव्ह बंद, आणि ज्या चाचणीत पॉवर सेव्हच तपासायचं आहे तिथेच ते मुद्दाम चालू.

आता हवेबद्दल. शेजारचं नेटवर्क, येणारी-जाणारी माणसं, उघडझाप होणारी दारं, या सगळ्यांमुळे आकडा हलतो. म्हणून लॅबमध्ये राउटर आणि क्लायंट बाहेरचे रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या वेगवेगळ्या शील्ड बॉक्समध्ये ठेवतात, अँटेनाच्या जागी केबल जोडतात आणि मध्ये अटेन्युएटर लावून सिग्नल हवा तेवढा कमी करतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने (डेसिबल, सिग्नल मोजायचं एकक) पडतो. म्हणजे अटेन्युएटरवर ६ डीबी वाढवणं म्हणजे क्लायंटला दुप्पट लांब नेणं, जागेवरून न हलता. एक जुना फसवा प्रकार मात्र लक्षात ठेवा: अटेन्युएशन वाढवत नेलं तरी क्लायंटला मिळणारा सिग्नल एका पातळीखाली जायलाच तयार नसेल, तर तो केबलमधून येतच नाहीये, बॉक्सच्या फटीतून नाहीतर सैल कनेक्टरमधून झिरपतोय. त्या पातळीपुढचे सगळे आकडे कचऱ्यात टाका.

केबलचा आणखी एक दोष म्हणजे ती फार सभ्य असते. प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र केबल दिली की मायमोचे (एकाच वेळी अनेक अँटेनांनी पाठवायच्या तंत्राचे) सगळे प्रवाह एकमेकांत न मिसळता सुरळीत पोचतात. खऱ्या घरात भिंतींवरून परावर्तन होऊन ते एकमेकांत मिसळतात आणि रिसीव्हरला ते सोडवावे लागतात. ही परिस्थिती बॉक्समध्ये उभी करायची तर चॅनेल एम्युलेटर लागतो, आणि ते यंत्र छोट्या कंपनीने विकत घ्यायच्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा एक रिकामं घर मिळवा, पाच-सहा जागांवर जमिनीला चिकटपट्टी लावून खुणा करा, रात्री उशिरा मोजा आणि प्रत्येक जागी राउटर थोडा थोडा फिरवून परत मोजा. अँटेना सगळ्या दिशांना सारखी फेकत नाही. एकाच कोनात मोजलेल्या आकड्यात राउटर किती आणि नशीब किती, हे वेगळं काढता येत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांचं लवकर उरकतो. दोन प्रवाह आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाय-फाय ६ ला १२०१ एमबीपीएस म्हणतात, पण तो हवेतल्या बिटांचा सैद्धांतिक दर आहे. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं, पोच द्यायची असते, मधे थांबायचं असतं, त्यामुळे टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या नियमांच्या, हाती त्याहून बरंच कमी लागतं. शिवाय राउटरचं इथरनेट पोर्ट गिगाबिटचं असेल तर टीसीपी ९४० च्या आसपास अडतोच. दोन्ही राउटर ९४० ला टेकले तर तुम्ही वाय-फाय नाही, पोर्ट मोजलंत.

तारेच्या जगातून आलेल्या लोकांची एक सवयही इथे मोडावी लागते. नेटवर्क उपकरणांच्या चाचणीसाठी १९९९ चं आरएफसी २५४४ नावाचं दस्तऐवज प्रसिद्ध आहे. त्यात थ्रूपुट म्हणजे एकही फ्रेम (डेटाचा तुकडा) न गमावता जाणारा सर्वांत मोठा दर. रेडिओला ही व्याख्या लावलीत तर हाती काही लागणार नाही. ८०२.११ या वाय-फायच्या स्टँडर्डमध्ये ओएफडीएम या प्रसारण पद्धतीसाठी रिसीव्हरची संवेदनशीलता ठरते तीच १० टक्के पॅकेट चुकण्याच्या पातळीवर. हरवलेलं पुन्हा पाठवायचं, हे वायरलेसमध्ये गृहीतच धरलेलं असतं. म्हणून शून्य हानीचा हट्ट सोडा आणि सिग्नल टप्प्याटप्प्याने कमी करत प्रत्येक टप्प्यावर किती वेग मिळतो याचा आलेख काढा. ब्रॉडबँड फोरमचं टीआर-३९८ नावाचं दस्तऐवज २०१९ मध्ये आलं, त्यात घरगुती वाय-फायसाठी अशाच चाचण्या बांधून दिल्या आहेत. आलेखाचं शिखर मी फारसं बघत नाही. मी बघतो शेपूट, म्हणजे लांबच्या खोलीतला वेग, आणि मधले खड्डे. सिग्नल हळूहळू कमी होतोय आणि वेग मधेच कोसळून पुन्हा वर येतोय असं दिसलं, तर दर निवडणारं सॉफ्टवेअर गडबडतंय असं समजा.

लोड असतानाची लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, तीही मोजा. एका क्लायंटवर आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण वेगाने डाउनलोड लावा आणि दुसऱ्यावरून पिंग बघत बसा. रिकाम्या नेटवर्कवर ५ मिलिसेकंद असणारं पिंग काही राउटरवर शेकड्यांत जातं. ग्राहकाची तक्रार येते ती व्हिडिओ कॉल अडकतो म्हणून, आणि स्पीड टेस्ट मात्र झकास येते. त्याच जोडीला एक संथ क्लायंट टाकून बघा. समजा एकजण ६०० एमबीपीएसने बोलतो, दुसरा लांब बसून ६ ने, आणि राउटर दोघांना आळीपाळीने एकेक पॅकेट देतो. १५०० बाइटच्या पॅकेटला पहिला २० मायक्रोसेकंद घेतो, दुसरा २०००. परिणाम असा की जवळ बसलेल्यालाही ६ पेक्षा किंचित कमीच मिळतात. पॅकेटऐवजी वेळ वाटून देणारा राउटर इथे लगेच ओळखू येतो, आणि माझ्या लेखी तो ३० एमबीपीएसच्या फरकापेक्षा कितीतरी मोलाचा.

आता खरा विषय: इंटरऑपरेबिलिटी, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी नीट चालणं. प्रमाणपत्र असताना हे कशाला, असं तुम्ही विचारलंय. प्रमाणन हवंच, त्याशिवाय उपकरण हातात घेऊ नका. पण प्रमाणन होतं ते ठरावीक उपकरणांसमोर, ठरावीक फर्मवेअरवर (उपकरणातल्या सॉफ्टवेअरवर). स्टँडर्डमध्ये पर्याय इतके असतात की दोघंही नियमाला धरून असूनही एकमेकांशी बोलू शकत नाहीत. वायमॅक्स या लांब पल्ल्याच्या वायरलेस इंटरनेटचंच बघा. त्याचा फोरम २००१ मध्ये स्थापन झाला, पण ८०२.१६ या त्याच्या स्टँडर्डमधल्या पर्यायांच्या जंगलातून ठरावीक प्रोफाइल निवडून पहिली उपकरणं प्रमाणित व्हायला २००६ चा जानेवारी उजाडला. स्टँडर्डपासून एकमेकांशी चालणाऱ्या डब्यांपर्यंत यायला एवढा वेळ जातो.

दोष बहुतेकदा जुन्या क्लायंटमध्ये दडलेला असतो. नियम असा की अनोळखी माहिती दिसली तर ती सोडून द्यायची आणि राखीव बिटांकडे दुर्लक्ष करायचं. पण ड्रायव्हर लिहिणारा घाईत असतो. वाय-फाय ६ आलं तेव्हा काही लॅपटॉपच्या जुन्या ड्रायव्हरना नवे राउटर यादीत दिसतच नव्हते, कारण बीकनमधली (राउटर स्वतःची ओळख सांगत सतत पाठवतो त्या संदेशातली) नवी माहिती त्यांना पचली नाही. ड्रायव्हर अपडेट केला की प्रश्न मिटायचा. पण ग्राहक ड्रायव्हरला नाही, तुम्हाला फोन करतो.

डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या दोन्ही सुरक्षा पद्धती स्वीकारणारा मिश्र मोड हा दुसरा खोडकर भाग. काही जुने प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब त्यात जोडलेच जात नाहीत, आणि कारणही सांगत नाहीत. झोपलेल्या फोनपर्यंत मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवलेला संदेश) नीट न पोचणं हा तिसरा: इंटरनेट चालतं, पण फोनला घरातला प्रिंटर सापडत नाही.

आणि चाचणीची लांबी! बऱ्याच राउटरमध्ये ग्रुप की (सगळ्या क्लायंटची सामायिक गुप्त किल्ली) दर ३६०० सेकंदांनी बदलते. तुम्ही वीस मिनिटांत चाचणी आटोपलीत तर तो क्षण कधी येणारच नाही, आणि नेमकं तिथेच एखादं स्वस्त उपकरण गळून पडतं. म्हणून मी प्रत्येक क्लायंट किमान रात्रभर जोडून ठेवतो, नाहीतर सेटिंगमध्ये तो काळ पाच मिनिटांवर आणतो. डीएफएस चॅनेलवर, म्हणजे रडारही वापरतं त्या चॅनेलवर, राउटर सुरू झाला की प्रसारण करण्याआधी किमान ६० सेकंद रडार ऐकत गप्प बसतो. हा दोष नाही, पण तुमच्या स्वयंचलित चाचणीला तो दोष वाटेल, तेव्हा तेवढी मुभा ठेवा.

किती जोड्या तपासायच्या? २ राउटर, २० क्लायंट, ३ सुरक्षा मोड, २ बँड धरले तर २४० होतात. प्रत्येकात जोडणं, झोपणं, उठणं, बँड बदलणं धरलं तर माणूस वेडा होईल. तुमच्या ग्राहकांच्या घरी आत्ता खरोखर काय आहे त्याची यादी काढा, आणि ती ब्रँडप्रमाणे नाही तर आतल्या वाय-फाय चिपप्रमाणे लावा. वेगवेगळ्या नावांच्या पाच फोनांत एकच चिप निघते, त्यांतला एक पुरे. जुनी, विचित्र, स्वस्त उपकरणं आधी घ्या.

काही बिनसलं की दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवणार. त्यावर इलाज म्हणजे तिसरा कान. मॉनिटर मोड (हवेतलं सगळं नुसतं ऐकण्याची सोय) चालणारा एक जुना लॅपटॉप त्याच चॅनेलवर बसवा आणि कॅप्चर घ्या. त्याच्याकडे अँटेना कमी असल्या तरी जोडणीच्या वेळच्या मॅनेजमेंट फ्रेम कमी दराने जातात, त्यामुळे त्या मिळतात. कोणी कोणाला नकार दिला आणि कोणता कारण-क्रमांक पाठवला, ते दिसतं. डेटा वाचायचा असेल तर डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड आणि सुरुवातीचा हँडशेक (जोडणीची देवाणघेवाण) पुरतो. डब्ल्यूपीए३ मध्ये पासवर्ड माहीत असूनही नुसत्या ऐकण्याने काही उलगडत नाही, तिथे राउटरचे लॉगच काढावे लागतात.

प्रत्येक निकालापुढे दोन्हीकडचा फर्मवेअर बिल्ड लिहा, आणि चाचणीच्या फोनांवरचं आपोआप अपडेट बंद करा. रात्रीत फोन अपडेट झाल्यामुळे काल नापास झालेली जोडी आज पास झाली, हे माझ्याकडे एकदा नाही, अनेकदा घडलंय. ग्राहकांकडच्या उपकरणांची यादी इथे टाकलीत तर त्यातले कोणते आधी घ्यावेत ते सांगतो.