नागपुरात एम.एस्सी. गणित करतोय, नॉनकम्युटेटिव्ह रिंगमध्ये संशोधनाला अजून काही उरलंय का?

भरपूर उरलंय. नॉनकम्युटेटिव्ह रिंग म्हणजे बेरीज-गुणाकाराची अशी रचना, जिथं ab आणि ba वेगळे असू शकतात; तिच्याबद्दल गणितज्ञ क्योथेनं 1930 मध्ये मांडलेलं अनुमानच अजून सिद्ध किंवा खोटं ठरलेलं नाही. त्याचं एक रूप असं: दोन निल डाव्या आयडियलची बेरीज निलच असते का? डावं आयडियल म्हणजे रिंगचा असा भाग, ज्यातल्या घटकांची बेरीज-वजाबाकी त्यातच राहते आणि त्यांना रिंगमधल्या कशानंही डावीकडून गुणलं तरी उत्तर त्यातच राहतं. निल म्हणजे प्रत्येक घटकाचा कुठला ना कुठला घात शून्य. कम्युटेटिव्ह रिंगमध्ये द्विपद प्रमेय लावलं की दोन ओळींत काम तमाम. इथं मात्र 2×2 मॅट्रिक्स घ्या: एकीत फक्त वर उजवीकडे 1, दुसरीत फक्त खाली डावीकडे 1. दोघींचा वर्ग शून्य, बेरजेचा वर्ग मात्र एकक मॅट्रिक्स, म्हणजे तिचा कुठलाच घात शून्य होत नाही! हे झालं सुट्या घटकांचं; अख्ख्या निल आयडियलचं काय, हाच प्रश्न उरतो. एम.एस्सी.ला अल्जिब्रा शिकवतो म्हणून सांगतो, आमचे पोट्टे नेमके इथंच अडकतात. नीदरियन रिंगसाठी (जिथं आयडियलची वाढती साखळी कुठंतरी थांबतेच) आणि अगण्य फील्डवरच्या (उदा. वास्तव संख्यांवरच्या) अल्जिब्रांसाठी उत्तर 'हो' असं सिद्ध झालंय. सगळ्या रिंगसाठी नाही. फक्त एक: पीएच.डी.ला हाच प्रश्न थेट अंगावर घेऊ नका. रिंगचा एखादा छोटा प्रकार धरून त्याचे निल आयडियल तपासा, पेपर तिथून निघतात. आणि गाईड नागपुरातलाच हवा, हा हट्ट नको.