वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचा वाळा आणि उन्हाळ्यातील घामोळे

प्रश्न : आमच्या नागपूरच्या गच्चीवर तुळस, पुदिना आणि मरवा कुंड्यांत लावलेला आहे, मात्र मरवा दर मे महिन्यात वाळून जातो. दहा वर्षांच्या मुलीच्या मानेवर व पाठीवर उन्हाळाभर घामोळे असते. तिच्यासाठी कोणती सुगंधी वनस्पती लावावी? गवती चहाचे विकतचे तेल थेट लावले तर चालेल का?

उत्तर : तेल मुळीच लावू नका. त्यात सिट्रल हा त्वचेला झोंबणारा सुगंधी घटक भरपूर असतो आणि न पातळ करता लावल्यास मोठ्यांच्याही त्वचेची आग होऊ शकते. शिवाय घामोळ्यात घामाच्या नलिकांची तोंडे बुजलेली असतात. त्यांवर तेलाचा थर चढला तर त्रास वाढतोच.

आपल्या गरजेला साजेसा आहे तो वाळा. पावसाळ्याच्या तोंडावर बुडाला भोके पाडलेल्या खोल ड्रममध्ये त्याचे फुटवे लावावेत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत वाळू व शेणखत मिसळावे. साधारण दीड वर्षाने ठोंब उपटला की चिखलाने माखलेली मुळांची जटा हाती येते, आणि ती नळाखाली धुताना दारात टांगलेल्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा तोच वास दरवळतो. थोडे फुटवे लगेच पुन्हा लावून टाकावेत. मूठभर स्वच्छ मुळे रात्रभर पाण्यात भिजवावीत, सकाळी पाणी गाळून अंघोळीच्या शेवटच्या तांब्यांत घ्यावे आणि उरलेले झाडांना घालावे. साठवले तर ते नासते. आधी दोन-तीन दिवस मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे.

वाळ्याने घामोळे बरे होते, असे मी सांगणार नाही. गार पाणी, सैल सुती कपडे आणि कूलरची हवा हाच त्यावरचा खरा उपाय. वाळ्याच्या पाण्याने अंघोळ सुखाची होते, इतकेच. पुरळात पू दिसला किंवा ताप आला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मरव्याचे म्हणाल, तर पारा 45 अंशांवर गेला की तापलेल्या स्लॅबवर कुंडीतील मुळेच भाजून निघतात. मार्चअखेर कुंडी स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा, सकाळचेच ऊन मिळेल अशा जागी हलवा आणि वर हिरवी जाळी बांधा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिलात तर पाला भरघोस येईल. मात्र तो उटण्यात वाटताना त्यात लिंबू पिळू नका, कारण लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागले तर काळे डाग पडतात आणि ते अनेक आठवडे जात नाहीत.