पी-१६ पॉझिटिव्ह म्हणजे काय

ताई, तुमच्या मिस्टरांनी कधी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला हात लावला नाही, तरी टॉन्सिलचा कॅन्सर निघाला आणि रिपोर्टमध्ये 'पी-१६ पॉझिटिव्ह' वाचल्यापासून सासरी त्यांचं ताट वेगळं झालंय, असं तुम्ही लिहिलंत. ते ताट आजच पंगतीत आणा. एकत्र जेवल्याने हा कॅन्सर कुणाला लागत नाही.

४ वर्षांपूर्वी आम्ही यातूनच गेलो. दाढी करताना ह्यांच्या हाताला जबड्याखाली गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर अँटिबायोटिकवर घालवला. पुढे तपासायला गेलो तिथे जो तो विचारायचा, "खर्रा किती?" नागपुरात हा प्रश्न चूकही नाही, इथे तोंडाचे बहुतेक कॅन्सर तंबाखू-सुपारीचेच. पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे काही कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात, त्यातही मुख्यतः १६ नंबरच्या प्रकारामुळे.

पी-१६ हे मात्र त्या विषाणूचं नाव नव्हे. ते आपल्याच पेशीतलं प्रथिन आहे. विषाणू पेशीच्या वाढीचा ब्रेक निकामी करतो तेव्हा ते साठत जातं, म्हणून डॉक्टर त्याला विषाणूची खूण धरतात.

आता जे घरात कुणी मोठ्याने विचारत नाही ते. हा विषाणू शरीरसंबंधांतून येतो, मुखमैथुनातूनही. बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्यात टिकतो, आणि गाठ दिसायला दहा-वीस वर्षंही लागतात. तो कधी, कुणाकडून आला, हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. मी ह्यांच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. ते आठ दिवस मला अजून टोचतात.

एक दिलासा खरा आहे: तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा हा रेडिएशन-केमोला चांगली दाद देतो, म्हणून २०१७ पासून त्याच्या स्टेजही वेगळ्या मोजतात. बिडी-सिगारेट असेल तर आजच बंद, तिने हा फायदा घटतो.

ह्यांना रेडिएशनच्या ३५ सिटिंग लागल्या. रोज घरी आले की कपाळावर, डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मास्कच्या जाळीचे वळ असायचे. सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा, नंतर दात काढणं जोखमीचं होतं. गिळण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करवून घ्या. तर्री-पोहे बरेच महिने विसरा, दहीभात मऊ कालवून, घोट-घोट का होईना, तोंडानेच जाऊ द्या.

मुलं ९ ते १४ वर्षांची असतील तर एचपीव्हीच्या लसीचे दोन डोस बालरोगतज्ज्ञांना विचारा, मुलालाही. झालेल्या आजारावर लस चालत नाही, पण त्यांच्यासाठी वेळ आहे.