अर्धांगवायूनंतर वडिलांना पाणी पिताना ठसका लागतो. घरी कसं भरवावं?

आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. काय आणि किती दाट द्यायचं ते त्यावर ठरतं. पाणी, चहा घशात झपकन उतरतात आणि दुबळे स्नायू श्वासनलिका वेळेत झाकू शकत नाहीत, म्हणून ठसका. दाटसर पेज, मऊ खिचडी, घट्ट दही बहुतेकांना सोपं जातं. पातळ आमटीत कालवलेला भात मात्र नको: पाणी आधी पळतं, शितं मागे राहतात.

खुर्चीत ताठ बसवा. भरवणाऱ्याने समोर, त्यांच्याच उंचीवर बसावं. उभ्याने भरवलं की ते मान मागे करतात आणि तिथेच घोटाळा होतो. चहाचा चमचा, तोही अर्धा, चांगल्या बाजूने. टीव्ही बंद. लुळ्या बाजूच्या गालात घास साठतो, तो शेवटी बघून काढा, दात घासा आणि अर्धा तास आडवं करू नका.

खोकला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. जेवल्यावर आवाज घरघरला किंवा ताप आला, तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळ्याही विचारल्याशिवाय कुटू नका. काहींचं औषध हळूहळू सुटण्यासाठी बनवलेलं असतं.