लेसिकनंतरची जळजळ : रुग्णालयाच्या कागदावर सही करावी का?

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी पुण्यात दोन्ही डोळ्यांचं लेसिक (चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया) केलं, ८५ हजार भरले. तेव्हापासून सतत जळजळ. पंख्याचा वाराही सोसवत नाही. डॉक्टर म्हणतात, "नंबर गेलाय, डोळा स्वच्छ आहे." रुग्णालय पैसे परत देतंय, पण 'पुढे कोणताही दावा करणार नाही' असं लिहून मागतंय. सही करू का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नका करू. त्या एका सहीने पुढच्या उपचारांच्या खर्चावरचा हक्कही जाऊ शकतो.

डोळा स्वच्छ दिसतो म्हणजे दुखणं खोटं, असं अजिबात नाही. लेसिकमध्ये पारपटलाचा (कॉर्नियाचा) पातळ पापुद्रा उचलताना त्यातल्या नसा कापल्या जातात. बहुतेकांच्या हळूहळू भरून येतात. काहींच्या नीट जुळत नाहीत आणि वरून काही न दिसता डोळा दुखत राहतो. दुसऱ्या कॉर्नियातज्ज्ञाकडे जा. बधिर करणारा थेंब घातल्यावर वेदना थांबते की उरते, हे केसपेपरवर लिहून घ्या. शक्य असेल तिथे कॉन्फोकल मायक्रोस्कोपीने नसांचं चित्रण करून घ्या.

मात्र गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जी सिद्ध झाली, असं कोर्ट मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) ते स्पष्ट केलंय. तुमचा दावा उभा राहील तो शस्त्रक्रियेच्या आधीच्या कागदांवर. डोळ्यांच्या कोरडेपणाची शिर्मर चाचणी केली होती का? आधीपासून कोरडेपणा किंवा संधिवातासारखा आजार असल्याचं तुम्ही सांगितलं असेल, तर त्याची नोंद आहे का? संमतीपत्रावर तारीख-वेळ कोणती? टेबलावर जायच्या काही मिनिटं आधी, न समजणाऱ्या भाषेत घेतलेली सही ही खरी संमती नव्हे, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाच्याच समीरा कोहली निकालाच्या (२००८) आधारे करता येतो. संमतीपत्रात दीर्घकाळ वेदनेची शक्यता लिहिलेली असेल आणि ती तुम्हाला समजावली असेल, तर हा मुद्दा कमकुवत पडतो.

म्हणून आजच संपूर्ण फाइलची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेनुसार ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. टाळाटाळ झाली तर ती पोचच तुमच्या उपयोगी पडेल. टोपोग्राफी (पारपटलाच्या आकाराचा नकाशा), पॅकीमेट्री (त्याच्या जाडीचं मोजमाप), लेसर मशीनचा प्रिंटआउट आणि संमतीपत्र ही नावं अर्जात एकेक करून लिहा, नाहीतर हातात फक्त डिस्चार्ज कार्ड ठेवतात.

तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणी दाद मागता येते आणि उपचारासाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची. ती शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच मोजा, म्हणजे हातात दहा महिने आहेत. रुग्णालयाशी बोलणी चालू असली तरी मुदत थांबत नाही.