विमागणिताच्या शिक्षणासाठी मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात आपले चार यंत्रमाग आहेत, कन्येने संख्याशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण केली आहे आणि विमागणितात, म्हणजे विम्याचे हप्ते व तरतूद ठरवण्याच्या शास्त्रात, एम.एस्सी. करण्यासाठी तिला परगावच्या खासगी विद्यापीठात प्रवेश मिळत आहे. दोन वर्षांचा खर्च दहा लाखांच्या घरात जाणार असल्याने सहकारी बँकेतील बारा लाखांची मुदत ठेव मोडावी की शैक्षणिक कर्ज काढावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यंदा यांपैकी काहीही करू नये.

विषय मात्र तिने फार चांगला निवडला आहे. समजा, चाळिशीतील एक हजार जणांनी प्रत्येकी दहा लाखांचा एक वर्षाचा विमा उतरवला आणि मृत्यू-सारणीप्रमाणे (कोणत्या वयात किती जण दगावतात याच्या तक्त्याप्रमाणे) त्या वर्षात दोघे दगावण्याची शक्यता आहे, तर वीस लाखांचे दावे भागवण्यासाठी प्रत्येकाकडून दोन हजार रुपये आणि वर कंपनीचा खर्च घ्यावा लागेल. करार तीस वर्षांचा झाला की हिशेब अवघड होतो, कारण वयाबरोबर मृत्यूची शक्यता वाढत जाते, काही जण मध्येच हप्ते थांबवतात आणि पुढे द्यायच्या रकमेचे आजचे मूल्य व्याजदरावर ठरते. तीस वर्षांनी द्यायच्या एक लाखासाठी सात टक्के दराने आज सुमारे १३,१०० रुपये बाजूला ठेवावे लागतात, तर सहा टक्के दराने सुमारे १७,४००. म्हणजे एका टक्क्याच्या फरकाने तरतूद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून अशी सारणी मांडून वर्षासनाची, म्हणजे हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या ठरावीक रकमेची, किंमत काढली होती, आणि विम्याचे गणित आजही त्याच पायावर उभे आहे. ज्या मुलीला संभाव्यता मनापासून आवडते, तिने या वाटेने अवश्य जावे.

परंतु या व्यवसायात विद्यापीठाच्या पदवीपेक्षा व्यावसायिक परीक्षांना अधिक वजन आहे, आणि आपल्या निर्णयात हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ॲक्चुअरी, म्हणजे विमागणिताचा तज्ज्ञ, ही पात्रता २००६ च्या कायद्यान्वये इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया देते. तिची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर संख्याशास्त्र, विमागणित, वित्त असे एकेक पेपर सोडवत जावे लागते. फेलो, म्हणजे पूर्ण पात्र सभासद, होईपर्यंत अनेक वर्षे जातात आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना एकाच पेपरला पुन्हा बसावे लागते. या परीक्षांना बसण्यासाठी विमागणितातील एम.एस्सी. सक्तीची नाही. त्यामुळे कन्येने घरी राहून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करावी आणि त्याबरोबर प्रवेश परीक्षा व पहिले दोन पेपर द्यावेत, असे मी सुचवेन. हे पेपर सुटले तर तिची आवड आणि चिकाटी दोन्ही कळतील, तेही खासगी विद्यापीठाच्या शुल्काच्या लहानशा हिश्श्यात. नोकरीसाठी पुढे मुंबई, पुणे, बंगळुरू किंवा गुरुग्राम गाठावे लागेल, याची तयारी मात्र घरात आतापासून असावी.

आता पैशाचे. सुताचे भाव चढले किंवा टॉवेलची मागणी थंडावली की माग चालू ठेवायला हीच ठेव आपल्या उपयोगी पडते, म्हणून तिला हात लावणे मला मान्य नाही. शिवाय ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच असते, त्यामुळे मुदत संपताच ती रक्कम दोन-तीन बँकांत विभागावी; पतसंस्थेत ठेवू नये, कारण तेथे हे संरक्षण लागू नाही. दहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये पडतो आणि एकूण व्याज ५ लाख ८६ हजारांच्या आसपास जाते. शिक्षण चालू असतानाचे व्याज वेगळेच. शैक्षणिक कर्जासाठीची प्राप्तिकरातील वजावट जुन्या करप्रणालीत आणि केवळ व्याजावर मिळते, तेव्हा तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

दोन पेपर सुटल्यानंतरही तिला त्या विद्यापीठात जावेसे वाटले, तर तेथील अभ्यासक्रमामुळे इन्स्टिट्यूटच्या कोणत्या पेपरांतून सूट मिळते आणि मागील तुकड्यांतील किती जणांना विमा कंपन्यांत काम मिळाले, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. उत्तर समाधानकारक असेल तर ठेव न मोडता कर्ज काढावे. त्या कर्जाला सहकर्जदार म्हणून आपली सही लागेल; म्हणून सही करण्यापूर्वी आपल्या नावावर किमान कर्जाएवढ्या रकमेचा साधा मुदत विमा घ्यावा, आणि बँकेने कर्जासोबत एकरकमी हप्त्याची पॉलिसी पुढे केल्यास दोहोंच्या हप्त्यांची तुलना कन्येलाच करायला सांगावी.